एका टेबलावरचा शेजार



व्याख्यानमालेचे चिटणीस निमंत्रण घेऊन माझ्या घरी आले, तेव्हा त्यांनी विषय विचारला. मी म्हणालो, "नूडल्स." ते हसले, वही मिटली आणि म्हणाले, "ठीक, विषय सावकाश कळवा." चार दिवसांनी त्यांचा फोन आला आणि मी पुन्हा तेच सांगितले. तेव्हा मात्र ते जरा गंभीर झाले. म्हणाले, "अहो, तुमच्या आदल्या दिवशी अर्थसंकल्पावर व्याख्यान आहे आणि दुसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरीवर. मध्ये हे कसे बसायचे?" मी म्हटले, अर्थसंकल्प आणि ज्ञानेश्वरी यांच्या मध्येच माणसाला भूक लागते. त्यांनी मोठ्या मनाने ते मानले, त्याबद्दल त्यांचे आभार.

मी आचारी नाही आणि प्रवासी तर मुळीच नाही. पिंपरीच्या एका कारखान्यात तेहेतीस वर्षे काढली आणि निवृत्तीनंतर पुनावळ्याला राहायला आलो. आयुष्यात एकदाच समुद्र ओलांडला, तोही मुलाची बदली मलेशियातल्या पेनांग बेटावर झाली म्हणून. तिथे सहा आठवडे राहिलो. त्या सहा आठवड्यांत मी एका साध्या कॉफीच्या दुकानात रोज जात होतो, आणि तिथे बसून मला पुनावळ्यातल्या एका हातगाडीची आठवण येत होती. ही आठवण सुखाची नव्हती. का नव्हती ते पुढे सांगेन. तेच सांगण्यासाठी मी आज इथे उभा आहे.

आधी पुनावळे. आपल्यापैकी पुष्कळांना ते ठाऊक आहे. पवनेच्या काठचे जुने गाव, १९९७ साली महानगरपालिकेत आले. अंगावरून मुंबई–बंगळूर महामार्ग गेलेला, त्याच्या पोटातून जाणारा भुयारी रस्ता, आणि त्या भुयाराच्या तोंडाशी संध्याकाळी लागणारी वाहनांची रांग. कालपर्यंत ऊस होता तिथे आता वीस-वीस मजले आहेत. हिंजवडीत काम करणारी मुले-मुली, इमारतींवर राबणारे बिहारकडचे आणि मराठवाड्यातले लोक, चाकणच्या कारखान्यांना माल पोचवणारे चालक, आणि मूळचे गावकरी, असे सगळे तिथे एकाच रस्त्याने ये-जा करतात. एका रस्त्याने जातात म्हणून ते एकमेकांना ओळखतात असे मात्र नाही.

दिवेलागणीला या रस्त्याच्या कडेला गाड्या लागतात. पाटीवर लाल अक्षरांत 'चायनीज' आणि शेजारी एखादा शेपटी वळवलेला ड्रॅगन. गॅसची शेगडी अशी भडकते की जवळच्या माणसाच्या भुवया जपाव्या लागतात. उकडून तेल लावून ठेवलेल्या नूडल्सचा ढीग, बारीक चिरलेला कोबी, गाजर, ढोबळी मिरची, लाल शेझवान चटणीचा डबा. कढई उडते, पळी आपटते, आणि दोन-तीन मिनिटांत प्लेट तयार. 'हाफ' की 'फुल' एवढाच प्रश्न. गिऱ्हाईक स्कूटरच्या सीटवर प्लेट ठेवून उभ्याउभ्या खाते. बसायला जागा नाही. हे लक्षात असू द्या, बसायला जागा नाही.

आता कोणी म्हणेल, हे परके अन्न, त्याचे आपल्याला काय? पण पिठाची तार ओढून खाणे ही आपल्याला परकी गोष्ट नव्हे. वैशाखात आमच्या घरी शेवयांचा दिवस असे. गव्हाचा रवा-सपीट आदल्या रात्री भिजवून ठेवायचे, सकाळी ते तिंबून तिंबून असे मऊ करायचे की ओढले तर तुटू नये. आई उतरत्या पाटावर गोळा ठेवून तळहाताने शेवई वळे, आणि शेजारच्या दोघी खाली लोंबणारी तार अलगद हातावर झेलून आडव्या काठीवर वाळत घालीत. पुढे पितळेचे यंत्र आले. ते खाटेच्या माच्याला आवळून बसवायचे, आणि दांडा फिरवण्याचे काम आम्हा मुलांचे. आज आमच्याकडे, उद्या काकूंकडे, परवा समोरच्या वहिनींकडे. एकट्या बाईने शेवया केल्या असे मी कधी पाहिले नाही. ते काम एकट्याने होण्यासारखेच नव्हते. कोकणातली मंडळी शिरवाळे करतात. तांदळाच्या पिठाचे उकडलेले गोळे गरम असतानाच शेवग्यातून दाबायचे आणि गुळाच्या नारळरसात बुडवून खायचे. माझ्या पत्नीचे माहेर मालवणकडचे. ती म्हणते, शिरवाळे दाबायला घरातला एक तरी दणकट पुरुष लागतो, आणि वर्षातून तेवढ्यापुरताच त्याचा स्वयंपाकघरात उपयोग होतो.

चीनच्या वायव्येला लाजिया नावाच्या ठिकाणी उत्खननात जमिनीखाली एक पालथे पडलेले मातीचे वाडगे सापडले, आणि त्याखाली सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या नूडल्स. २००५ साली ही बातमी जगभर गेली. धरणीकंप आणि पूर यांत गाव गाडले गेले आणि कोणाचे तरी जेवण तसेच राहिले. म्हणजे चिनी माणसाचा या बाबतीतला वडीलपणा मान्य केलाच पाहिजे. पण सगळ्यांना सुचलेली युक्ती एकच: भिजवलेले पीठ तारेसारखे लांब करायचे, म्हणजे ते लवकर शिजते, लवकर वाळते आणि वाळले की वर्षभर टिकते.

मग चिनी नूडल्स आपल्याकडे आल्या कशा? कलकत्त्यात चिनी लोकांची वस्ती जुनी, हक्का जमातीचे लोक तिथे चामडे कमावण्याचा धंदा करीत; आपल्या पाटीवरचे 'हक्का नूडल्स' हे नाव त्या जमातीचे. मुंबईतही चिनी वस्ती होती, माझगावात त्यांचे एक छोटेसे देऊळ आजही आहे. कलकत्त्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात आले, लसूण आणि हिरवी मिरची या आपल्या वाटणात सोया सॉस घालून 'मंचुरियन' केले, असे सांगितले जाते. त्यांच्या त्या पदार्थाला मांचुरियातला माणूस ओळखणार नाही, पण आपल्या गल्लीतले पोर नक्की ओळखते. १९८३च्या सुमारास मॅगी आली आणि नूडल्स थेट घरात शिरल्या. पुढे आपल्या लोकांनी तळलेल्या नूडल्सवर चटणी आणि कच्चा कोबी घालून 'चायनीज भेळ' काढली. तिथे मात्र चिनी माणसाने हात टेकावेत!

पण या गोष्टीला एक काळी बाजू आहे आणि ती लपवणे बरे नव्हे. १९६२ साली चीनशी युद्ध झाले, तेव्हा आपल्याच देशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या माणसांना उचलून राजस्थानात देवळी इथल्या छावणीत नेऊन ठेवले. त्यांत म्हातारे होते, लेकुरवाळ्या बाया होत्या. आसामातून, दार्जिलिंगकडून त्यांना आगगाडीने आणले. काही जण तिथे कित्येक वर्षे राहिले. सुटून परत गेले तेव्हा घरदार, दुकान काही उरले नव्हते. पुष्कळांनी मग देशच सोडला. आपण त्यांचे अन्न उचलले आणि त्या माणसांना मात्र शेजारी म्हणून ठेवून घेतले नाही. लाल अक्षरांतली ती पाटी दिसली की हल्ली मला हे आठवते.

आता आपण पेनांगला जाऊ. तिथे बायान लेपास म्हणून भाग आहे. १९७२ पासून तिथे इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे कारखाने उभे राहिले, जसे आपल्याकडे १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि पुढे माळरानांवर कारखाने उगवले. त्यामुळे पाळी सुटल्यावरची गर्दी, दुचाक्यांचा लोंढा, भाड्याच्या खोल्या, हे सगळे मला ओळखीचे वाटले. ओळखीचे नव्हते ते मुलाच्या घराखालचे कॉफीचे दुकान.

अशा दुकानाला तिकडे 'कोपीतियाम' म्हणतात. 'कोपी' हा मलाय भाषेतला कॉफीचा उच्चार, आणि 'तियाम' म्हणजे होक्येन चिनी बोलीत दुकान. एका शब्दात दोन भाषा नांदतात. दुकान म्हणजे रस्त्याच्या बाजूने संपूर्ण उघडी असलेली एक मोठी खोली, वर गरगरणारे पंखे, संगमरवरी माथ्याची गोल टेबले आणि वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या. पाहताक्षणी मी पत्नीला म्हणालो, "हे तर आपले इराण्याचे हॉटेल!" आणि खरोखरच दोघांची जातकुळी एक. यझ्द आणि केरमानकडून इराणी आपल्याकडे आले ते पारशांच्या पुष्कळ मागून. मोठे व्यापार आधीच इतरांच्या हातात होते, म्हणून त्यांनी चहा-पाव विकला. हायनान बेटावरचे चिनीही मलायात उशिरा पोचले. कथिलाच्या खाणी आणि पेढ्या इतर चिन्यांनी धरल्या होत्या. हायनानी लोक गोऱ्या साहेबांच्या घरी स्वयंपाकी झाले आणि मग त्यांनी कॉफीची दुकाने काढली. उशिरा येणाऱ्याच्या वाट्याला चहाची किटली येते, हा जगाचा नियमच दिसतो.

पण एक फरक आहे आणि तो मोठा आहे. इराण्याच्या हॉटेलात सगळे इराण्याचेच. कोपीतियाममध्ये दुकानदार फक्त पेये विकतो. खोलीच्या कडेला पाच-सहा जणांच्या गाड्या लावलेल्या असतात, खरोखरच्या गाड्या, काहींना चाकेसुद्धा असतात, आणि ते दुकानदाराला भाडे देतात. एक जण फक्त शेवया परतणार, दुसरा फक्त रस्सा करणार, तिसरा भात आणि कोंबडी. तुम्ही कुठल्याही टेबलाशी बसा, हव्या त्या गाडीवर सांगा; गाडीवाला बशी टेबलावर आणून देतो आणि तिथल्या तिथे पैसे घेतो. कॉफीचे पैसे निराळे, कॉफीवाल्याला. म्हणजे रस्त्यावरचा फेरीवाला छपराखाली आला आणि छपराच्या मालकाला त्याचे ओझे झाले नाही, उलट त्याची कॉफी खपली. हा व्यवहार मला अतिशय शहाणपणाचा वाटला. कारखान्यात मी अनेक करारमदार पाहिले, पण दोन्ही पक्षांचा इतका सरळ फायदा असलेला विरळा.

कॉफीबद्दल दोन शब्द. दाणे साखर आणि लोण्यासारखा स्निग्ध पदार्थ घालून काळेभोर भाजतात आणि मोज्यासारख्या लांब कापडी गाळणीतून गाळतात. 'कोपी' म्हटले की आटवलेले गोड दूध घालून येते, 'कोपी ओ' म्हटले की बिनदुधाची. पहिल्या दिवशी मला ती करपलेल्या गुळासारखी लागली. दहाव्या दिवशी तीच हवी झाली.

आणि शेवया! ज्या पदार्थासाठी पेनांग प्रसिद्ध आहे तो 'चार क्वे त्याव'. तांदळाच्या पिठाच्या रुंद पांढऱ्या पट्ट्या असतात. सुरळीची वडी गुंडाळण्याआधी तिच्या फिती कापल्या तर दिसतील तशा. कढई तापून धूर निघू लागला की त्यात लसूण, कोळंबी, पट्ट्या, सोया सॉस, अंडे, मोडांचे लांब कोंब, आणि शेवटी तिसऱ्यांच्या जातीचे शिंपले. एका वेळी एकच बशी, फार तर दोन. दहा बश्या एकदम केल्या तर कढई थंड पडते, पट्ट्या परतल्या जाण्याऐवजी वाफेवर शिजतात आणि तो धुरकट खमंगपणा येत नाही. म्हणून लोक अर्धा अर्धा तास मुकाट्याने थांबतात. त्यात डुकराची चरबी असते हे मला खाऊन झाल्यावर कळले. कळल्यावर मी काय केले, असे सभेत विचारू नये.

पिवळ्या गव्हाच्या नूडल्सही असतात. त्या पिवळ्या का, म्हणून मी विचारले. अंडे असेल असे वाटले होते. उत्तर मिळाले, खाराचे पाणी. म्हणजे आपला पापडखारच! खाराने पीठ पिवळसर होते आणि त्याला चिवट लवचीकपणा येतो. पापड लाटताना आपल्या बायका जे रसायन वापरतात तेच चिनी आचारी शेवयांत वापरतो. या नूडल्स कोणी रश्श्यात घेतो, कोणी सुक्या. चिंचेच्या कोळाच्या आंबट माशाच्या रश्श्यातला 'लाक्सा' तर असा आहे की कोकणी माणसाने डोळे मिटून खावा. फक्त त्यांचा रस्सा पातळ आणि आपला दाट.

माझी पत्नी शाकाहारी. तिचे कसे होणार या काळजीने मी व्याकूळ झालो होतो. पण कोपऱ्यात एका बाईची निव्वळ शाकाहारी गाडी होती. बौद्ध चिन्यांपैकी जे व्रतस्थ असतात ते मांस तर नाहीच, कांदा-लसूणही खात नाहीत. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या माझ्या पत्नीला ही बाई जन्माची मैत्रीण वाटली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पण रोज अर्धा तास त्या काय बोलत, ते देवाला ठाऊक. एकदा एक तमिळ माणूस तांदळाच्या पांढऱ्या शेवयांच्या चकत्या, वर खोवलेला नारळ आणि तांबडी साखर घालून विकताना दिसला. पत्नी जागच्या जागी थांबली आणि म्हणाली, "अहो, शिरवाळे!" तिकडे त्याला पुतू मायम म्हणतात. मालवणपासून इतक्या दूर, समुद्रापलीकडे, माहेर असे कागदावर बांधून मिळाले.

गर्दीच्या वेळी त्या दुकानात रिकामे टेबल मिळत नाही. मग जिथे खुर्ची रिकामी असेल तिथे बसायचे. समोरचा माणूस कोण, हे विचारायची पद्धत नाही. माझ्या समोर एकदा एक वृद्ध चिनी गृहस्थ बसले. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. मोडक्या इंग्रजीत त्यांनी मला पहिला प्रश्न विचारला तो "जेवलात का?" हीच तिकडची ख्यालीखुशाली विचारण्याची रीत. माझ्या गावीही वाटेत कोणी भेटला की हेच विचारतात! मग आमचे जमले. यंत्रे, पाळ्या, बोनस, मुलांची शिक्षणे. त्यांनी मला काड्यांनी खायला शिकवण्याचा प्रयत्न केला आणि तीन दिवसांनी सोडून दिला.

आता हे ऐकून तो देश म्हणजे स्वर्ग असे समजू नका. त्या दुकानात मला मलाय मुसलमान गिऱ्हाईक जवळजवळ दिसले नाही. जिथे डुकराचे मांस शिजते तिथे ते जेवायला बसत नाहीत, आणि हे समजण्यासारखे आहे. ते तमिळ मुसलमानांच्या 'मामाक' दुकानांत जातात. तिथे परतलेल्या नूडल्स मिळतात, उंचावरून ओढलेला फेसाळ चहा मिळतो, आणि तिथे मात्र मी तिन्ही समाजांचे लोक पाहिले. १९६९च्या मे महिन्यात क्वालालंपूरमध्ये मलाय आणि चिनी यांच्यात भयंकर दंगल झाली होती. एका रस्त्यावर जेवणारी माणसे एकमेकांवर धावून जात नाहीत असे काही नाही. टेबल म्हणजे काही ताईत नव्हे. पण ज्या माणसाला आपण कधी घास गिळताना जवळून पाहिलेलेच नाही, त्याच्याविषयी वाटेल ते खरे मानायला मन किती चटकन तयार होते, हेही आपण पाहिले आहे.

आणि आपला इतिहास या बाबतीत काय आहे? ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, ज्यांच्या पुण्याईवर आपल्यासारख्या गावोगावच्या व्याख्यानमाला आज उभ्या आहेत, त्यांनी १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहाचा पेला हातात घेतला. टिळकही त्या मंडळींत होते. केवढे ग्रामण्य झाले! नावे वर्तमानपत्रात छापली गेली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, आणि रानड्यांना अखेर प्रायश्चित्त घ्यावे लागले. एक पेला चहा, बंधूंनो! हायकोर्टाच्या न्यायाधीशाच्या पदापर्यंत पोचणाऱ्या माणसाला कोणाच्या घरचा चहा प्यावा हे स्वतः ठरवता येत नव्हते.

ही झाली मोठ्यांची गोष्ट. माझ्या लहानपणी, आमच्या गावच्या एस.टी. थांब्यावर एक हॉटेल होते. आत बाके होती, आणि बाहेरच्या भिंतीत एक कोनाडा होता. कोनाड्यात दोन कानतुटके कप. माझ्या वर्गात माझ्या शेजारी बसणाऱ्या एका मुलाचे वडील त्या कोनाड्यातला कप घेत, पुढे करीत, वरून चहा ओतला जाई. उभ्याने पिऊन, कप विसळून ते परत ठेवीत. मी वडिलांबरोबर आत बाकावर बसलेला असे. घटनेच्या पंधराव्या कलमात उपाहारगृहांचा उल्लेख नाव घेऊन आहे. १९५५ साली अस्पृश्यता गुन्ह्याचा कायदा झाला, आणि मी सांगतो आहे ती गोष्ट त्यानंतर आठ-दहा वर्षांची. घटना लिहिणाऱ्यांना हॉटेलचा उल्लेख का करावासा वाटला, हे त्या कोनाड्याकडे पाहिलेल्या माणसाला विचारावे लागत नाही. तो मुलगा पुढे शिकला, मोठा झाला. आम्ही शाळेत डबा एकत्र खाल्ला, पण त्या बाकावर दोघे मिळून कधी बसलो नाही.

म्हणून पुनावळ्यातली ती गाडी. तिथे कोनाडा नाही. नूडल्सवाला कोणाला जात विचारत नाही, भाषा विचारत नाही. 'हाफ' की 'फुल' एवढेच विचारतो. अभियंता आणि गवंडी एकाच कढईतले खातात. आमच्या आजोबांना हे सांगितले असते तर त्यांना चमत्कार वाटला असता. चमत्काराला फक्त बसायला बाक नाही, आणि त्यामुळे प्लेट संपली की माणसे निघून जातात. शेजारी उभ्या असलेल्याला 'जेवलात का?' हा प्रश्न विचारण्याइतका वेळ तिथे कोणी थांबत नाही.

आता सुरुवातीला म्हटलेली गोष्ट सांगतो. आमच्या सोसायटीच्या फाटकाशेजारी अशी एक गाडी लागत असे. लातूरकडचा एक पोरगा, हाताखाली नेपाळचा एक मुलगा. धूर वरपर्यंत येतो, रात्री गोंगाट होतो, कोबीचा पाला पडतो, अशा तक्रारी निघाल्या. तक्रारी खोट्या नव्हत्या. अर्ज लिहिला गेला. अर्जाची भाषा चांगली असावी म्हणून तो माझ्याकडे आला. 'उपद्रव', 'अनधिकृत', 'परिसराचे सौंदर्य' हे शब्द माझे आहेत. खाली पहिली सही माझी. महिन्याभरात गाडी दिसेनाशी झाली. मी त्या गाडीवर एकदाही खाल्ले नव्हते. त्या मुलांशी एक शब्द बोललो नव्हतो. आणि मग मी पेनांगला गेलो, आणि तिथे छपराखाली आणलेल्या त्या गाड्यांसमोर रोज बसून, अर्धा अर्धा तास थांबून, कौतुक करकरून खाल्ले.

परत आल्यावर मी २०१४चा पथविक्रेत्यांचा कायदा मिळवून वाचला. त्यात विक्रेत्यांचे सर्वेक्षण करावे, त्यांना प्रमाणपत्र द्यावे, जागा ठरवून द्याव्यात, आणि जी समिती हे ठरवील तिच्यात किमान चाळीस टक्के विक्रेतेच असावेत, असे म्हटले आहे. कायदा वाईट नाही. पण कायद्याला आमच्यासारख्यांनी मागणी करावी लागते, आणि आम्ही मागणी करतो ती गाडी हटवण्याची. म्हणून मी दुसरा अर्ज लिहिला. आमच्या वॉर्डात मोकळ्या पडलेल्या एखाद्या सार्वजनिक जागेवर साधे छप्पर, पाणी, मोरी, कचऱ्याचा हौद, आठ-दहा गाड्यांची जागा, आणि मधे टेबले-बाके. खर्च फार नाही. धूर वर जाणार नाही असे धुराडे बसवता येते, हे तेहेतीस वर्षे कारखान्यात काढलेला माणूस सांगतो आहे. पहिल्या अर्जावर एकशे बारा सह्या होत्या. या अर्जावर काल संध्याकाळपर्यंत तीन झाल्या आहेत. त्यांतली एक माझी आणि एक माझ्या पत्नीची. कागद माझ्या खिशात आहे; सभा संपल्यावर मी दाराशी उभा राहणार आहे.

त्या पोराचा शोध मी दोन महिने करीत होतो. शेवटी तो भुयारी रस्त्याच्या पलीकडे सापडला, महामार्गाच्या कडेला, एका टायरच्या दुकानाशेजारी. धंदा निम्म्यावर आला होता. त्याने मला ओळखले. म्हणाला, "काका, तुम्ही त्या सोसायटीतले ना? रोज संध्याकाळी फिरायला निघायचात." मी हो म्हणालो. अर्जाविषयी त्याला मी बोललो नाही. माझी जीभ रेटली नाही. आज तुमच्यासमोर बोललो आहे, आता त्याच्यासमोरही बोलावे लागेल.

टायरच्या दुकानवाल्याने एक जुने फळकूट दोन टायरांवर टाकून दिले होते. त्यावर ट्रकचा एक चालक आणि गळ्यात कंपनीचे ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी खात बसली होती. मला पाहून तिने आपले हेल्मेट उचलून मांडीवर घेतले.

"हाफ का फुल, काका?"

मी फुल सांगितली आणि तिथे बसलो.